टाचणीचा शेरा

२ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंनी आज ही डायरी हातात दिली. कुठल्याशा औषध कंपनीची आहे, दर पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. म्हणाल्या, "राग आला की यात लिहीत जा. पोरींवर काढू नकोस." आम्ही दोघी बरोबरच नोकरीला लागलो म्हणून त्या मला अगं-तुगं करतात. त्या मेट्रन झाल्यापासून मी मात्र त्यांना अहो-जाहो करते, निदान चारचौघांत.

तर राग. गेल्या वर्षात माझ्या वॉर्डातून दोन नव्या नर्स मुली पळाल्या. एक रडत गेली, दुसरी न सांगता गेली. मेट्रनबाईंच्या मते मी त्यांना पळवलं. माझ्या मते ज्यांना पळायचं असतं त्या पळतात. उद्या तिसरी येणार आहे. तीन महिने माझ्या हाताखाली राहील आणि ती कायम होणार की नाही ते माझ्या शब्दावर ठरेल. हीही गेली तर यापुढे माझ्याकडे नवी मुलगी पाठवणार नाही, असं मेट्रनबाईंनी गोड हसून सांगितलं. मी म्हटलं, "बरंच होईल, डोक्याचा ताप तरी जाईल." ते खरं नव्हतं. डायरीत लिहायला हरकत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आली. अंगाने इतकी बारीक की युनिफॉर्म हँगरला लावल्यासारखा दिसतो. मावशींनी बघताक्षणी 'टाचणी' नाव ठेवलं. मावशी वॉर्ड पुसतात, पेशंटांची बेडपॅन बघतात आणि सगळ्यांना नावं ठेवतात. माझंही काहीतरी ठेवलं असणार, पण ते मला कोण सांगतंय!

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी वॉर्डाच्या मधोमध उभी करते आणि डोळे मिटायला लावते. "काय ऐकू येतं ते सांग." नर्सचं अर्धं काम कानांनी होतं. कोण कण्हतंय, कुणाचा श्वास अडकतोय, कोण हळूच उठायला बघतंय, हे पाठ फिरवलेली असतानाही कळलं पाहिजे. मला माझ्या सिस्टरांनी असंच शिकवलं.

टाचणी म्हणाली, "चार नंबरच्या आजींच्या छातीत शिट्टी वाजतेय. कुणीतरी चमचा पाडला. मावशींची बादली गळतेय. आणि कोपऱ्यातला सलाईनचा पंप वाजतोय."

पहिल्या तिन्ही गोष्टी बरोबर. मी मनात म्हटलं, कान आहेत पोरीला. पण कोपऱ्यातला पंप काही वाजत नव्हता आणि मी तसं सांगितलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग "हो का" म्हणून कोपऱ्यात गेली आणि पंपाशी काहीतरी खुडबुड करून परत आली. पहिल्याच दिवशी पदरचं घालून सांगायची सवय बरी नव्हे.

७ फेब्रुवारी, शनिवार

हल्लीच्या मुली तोंडातल्या तोंडात बोलतात. ही तर विशेष. ओठ हलतात आणि नुसती चुळबुळ ऐकू येते. मी म्हटलं, "जरा मोठ्याने बोल, इथे कुणी झोपलेलं नाही." तसे तिघेजण झोपलेले होते, ते उठले. आपल्या डॉक्टरांचं बघा, एकेक शब्द कसा भारदस्त. माणसाने बोलावं तर असं.

दुसरी कटकट नव्या बेलची. जुनी बेल वाजली की अख्खा मजला दचकायचा. आता प्रत्येक कॉटला बटण दिलंय, ते दाबलं की म्हणे माझ्या टेबलावर बेल वाजते आणि त्या नंबरचा लाल दिवा लागतो. दिवा लागतो, बेलचं मात्र वाजलं तर वाजलं. नव्या वस्तूंत कसला म्हणून दम नाही. वायरमनकडे तक्रार दिली आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज सुई. नव्या मुलीने शिरेत पहिली सुई घालायची ती माझ्या डाव्या हातात, हा माझा जुना नियम. पेशंट काय शिकवणीला आलेला नसतो. आतापर्यंत या हाताने किती पोरी पास केल्या असतील कोण जाणे.

टाचणीने सुई घातली. पहिल्यांदा शीर निसटली आणि हिच्याच डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "दुखतंय मला आणि रडतेस तू? सुई टोचणाराने रडायचं नसतं, पेशंट घाबरतो. परत घाल." दुसऱ्यांदा अशी अलगद गेली की मला कळलंही नाही. मी "ठीक आहे" म्हटलं. जास्त कौतुक केलं की पोरी शेफारतात.

घरी यांनी हात बघितला आणि म्हणाले, "नवी मुलगी चांगली दिसते."

"कशावरून?"

"मागच्या दोघींच्या वेळी कोपरापर्यंत काळंनिळं होतं. हा डाग लहान आहे."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

टाचणीच्या खोडी लिहून ठेवते, कारण मेट्रनबाईंनी आज विचारलं, "कशी आहे गं?" आणि मला नीट सांगता आलं नाही.

एक म्हणजे तिला आहे तिथून बोलता येत नाही. वॉर्डभर चालत माझ्या समोर येते, दंडाला हात लावते आणि मग बोलते. मी काय पळून चाललेय? शिवाय पेशंट काही बोलला की हिने पोपटासारखं ते परत म्हणायचं. चार नंबरच्या आजी म्हणाल्या असतील पाणी हवं, की ही माझ्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात, "पाणी हवं का आजी?" मी तिथेच उभी असते. मला काय दुभाषी लागतो?

पण आवाज सुधारलाय हे कबूल केलं पाहिजे. इतर मुली अजून पुटपुटतात, ही मात्र घंटेसारखी बोलते. वेळेवर कान उपटले की असा फायदा होतो.

डबा एकटीच खात बसते, म्हणून आजपासून माझ्याबरोबर बस म्हटलं. कारण म्हणून सांगितलं की माझ्या डब्यात भाजी उरते. उरत नाही. सकाळी जास्त घालून नेते.

१० मार्च, मंगळवार

शेजारीण दार वाजवून गेली म्हणे, टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडे जातो. मी तिला सांगितलं की आमच्या यांना हल्ली कमी ऐकू येतं, काय करणार. वय झालं की व्हायचंच. हे पेपर वाचत होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपरात घातली. लागलं असेल बिचाऱ्यांच्या मनाला. यांना एकदा कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

१९ मार्च, गुरुवार

आज वाईट झालं.

नऊ नंबरला बाइंडिंगवाले आजोबा आहेत. जन्मभर पुस्तकं बांधली, आता पायाचं ऑपरेशन झालंय. एकट्याने उठायला सक्त मनाई. दुपारी ते उठले आणि पडले. भुवई फाटली, टाके घालावे लागले. पाय वाचला म्हणून माझा जीव भांड्यात पडला, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. शुद्धीवर होते, बोलत होते. सारखं एकच म्हणत होते, "किती वेळ बेल दाबली, किती वेळ दाबली."

मेट्रनबाई धावत आल्या. मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं की बेल वाजलीच नाही. मी त्याच टेबलाशी गोळ्या काढत होते, नऊचा दिवाही लागला नव्हता. नऊ नंबरची बाजू टाचणीची, पण तिला मीच रक्ताचा नमुना घेऊन लॅबला पाठवलं होतं. तिचा काही दोष नाही असं मी सांगणार, तोच टाचणी पुढे झाली. मोठ्याने, स्वच्छ म्हणाली, "बेल वाजली होती. मी परत येताना दारात होते, मला ऐकू आली. मी उशीर केला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऐकू येऊन गेली नाही! मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, नको नको ते बोलले. "माणसं मारायची असतील तर दुसरा धंदा बघ," असंही म्हणाले. मावशी काहीतरी बोलायला पुढे आल्या, तर तिने त्यांचा हात धरला.

२० मार्च, शुक्रवार

मी तिच्या बाजूने शब्द देणार नाही. काल रात्रीच ठरवलं. चुकली असती तर माफ केलं असतं, पण ऐकून न ऐकल्यासारखं करणारी मुलगी वॉर्डात नको.

आज वॉर्डात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. मावशींनी चहा दिला, पण टेबलावर आपटला. दुपारी डबा काढला, टाचणी आली नाही. जास्तीची भाजी तशीच घरी आणली. मला ती मुलगी आवडत होती. लिहूनच टाकते, डायरी आहे. फार आवडत होती.

२१ मार्च, शनिवार

हे लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

फेब्रुवारीतल्या तक्रारीला आज वायरमन उगवला. त्याने टेबलावरची पेटी उघडली, झाकली आणि म्हणाला, "सिस्टर, नऊचा बल्ब उडालाय, तेवढाच बदलतो. बेलला काही झालेलं नाही."

"असं कसं? दाबून दाखवा."

तो नऊ नंबरला गेला. आजोबांच्या उशाचं बटण हातात घेतलं. मी टेबलाशी कमरेवर हात ठेवून उभी.

"दाबा."

"दाबलंय."

"अहो, नीट दाबा!"

"दाबूनच धरलंय, सिस्टर. वाजतेय की!"

मी म्हणणार होते, बघा, मी सांगत नव्हते! म्हणायला म्हणून वळले, तर सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. चार नंबरच्या आजींनी कानावर हात ठेवले होते. बाइंडिंगवाले आजोबा, भुवईला पट्टी, माझ्याकडे टक लावून. मावशी फरशीकडे बघत होत्या. टाचणीने जाऊन वायरमनच्या हातातून बटण काढून घेतलं.

मी चादरींच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने ती आली. समोर येऊन बसली, गुडघ्याला हात लावला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून. पंप वाजत होता, सिस्टर."

"आणि बाकीच्यांना?"

ती शेजारच्या चादरीची घडी सारखी करायला लागली, म्हणजे सगळ्यांना. मग म्हणाली, "माझे बाबा कापडाच्या गिरणीत होते. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेले. घरी आम्ही सगळे असंच बोलतो, समोर येऊन, हात लावून. मला त्याचं काही वाटत नाही."

"परवा तू उशीर केला होतास?"

"नाही. आवाज ऐकला तशी पळत आले. तोवर ते पडले होते."

"मग खोटं का बोललीस?"

"बेल वाजलीच नाही असं तुम्ही मेट्रनबाईंना सांगत होता. त्यांनी तपासली असती तर तुमचं कळलं असतं. तुम्हाला वॉर्डातून काढलं असतं."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. मी जवळ घेतलं. मग सांगितलं, "पोरी, मी बहिरी होत होते ते मला कळलं नाही. तुला कळत होतं. तू मला सांभाळून घेतलंस आणि म्हातारा पडला. दया करायची तर पेशंटवर कर, माझ्यावर नको. माझ्या कानांवर तुझी माया असेल, पण ती त्याच्या भुवईवर निघाली." ती हमसून हमसून रडली. मीही रडले. चादरी धुवायच्याच होत्या, त्याच डोळ्यांना लावल्या.

घरी यांना सांगितलं. यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "टीव्हीच्या आवाजाने माझं डोकं दुखतं गं. पण तुला मालिकेतलं काही कळेनासं झालं होतं."

२३ मार्च, सोमवार

मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. पोरीचं खोटं बोलणंही सांगितलं, का ते सांगितलं, आणि तिला कायम करा असंही सांगितलं. मग आजोबांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं, तुम्ही मुद्दाम येत नाही." हे मला फार लागलं. गुरुवारपासून तो माणूस असं समजून माझ्या हातून गोळ्या घेत होता.

मेट्रनबाईंनी दोन गोष्टी ठरवल्या. कानाला मशीन बसवायचं आणि त्याची सवय होईपर्यंत मी एकटीने कुठलीही बाजू सांभाळायची नाही. नव्या मुलीसारखं कुणाच्या तरी बरोबर राहायचं. आणि मी पुन्हा एकटीने काम करण्याजोगी झाले का, ते टाचणी सांगणार.

"ती?" मी म्हटलं. "कालची पोर?"

"तुझ्या कानांकडे पहिल्या दिवसापासून तिचंच लक्ष आहे. बाकीच्या तुला भिऊन हो म्हणतील." मग दार लोटून घेतलं आणि आवाज चढवून, माझ्यासमोर तोंड आणून म्हणाल्या, "आणि तिने तुला एकदा झाकलंय. परत झाकलं, तर मी तिला ठेवणार नाही. तुझ्यावर तिचा जीव असला तरी खरं बोलता येतं का, तेवढंच मला बघायचंय. हे तिला सांगायचं नाही. शपथ घे."

घेतली.

८ एप्रिल, बुधवार

मशीन बसलं. काय हा गोंधळ! कागदाची सळसळ, नळाची धार, स्वतःच्या चपला, सगळं सारख्याच मोठ्या आवाजात कानात शिरतं. मावशी पाठमोऱ्या होऊन मला 'हिटलरीण' म्हणाल्या ते स्वच्छ ऐकू आलं. मी "काय म्हणालात?" विचारलं, तर त्यांच्या हातून फडकं पडलं. नाव कळलं एकदाचं.

टाचणीच्या मागे मागे फिरते. ती मला दर अर्ध्या वाक्याला "ऐकू आलं?" विचारते. मी "हो" म्हटलं तर "काय ऐकू आलं ते सांगा" म्हणते. हे कुठून शिकली विचारायला नको.

२८ एप्रिल, मंगळवार

बरंचसं जमतंय. बेल ऐकू येते, आजोबांच्या काठीचा आवाज येतो, चार नंबरच्या आजींचा श्वासही. पंपाने मात्र आज दगा दिला. चार-पाच माणसं एकदम बोलत होती, तेवढ्यात कोपऱ्यातला पंप वाजला आणि मला तो वेगळा काढता आला नाही. टाचणीने ते पाहिलं आणि कोपऱ्याकडे बघितलं, तेव्हा मला कळलं. मी जाऊन पंपाशी उभी राहिले, जणू तो ऐकूनच आले. तिने ते पण पाहिलं.

शनिवारी मेट्रनबाई विचारणार. मला माझा वॉर्ड परत हवाय. चोवीस तास तेच डोक्यात आहे. ती "हो" म्हणाली तर सोमवारी मला माझं टेबल मिळेल आणि तिची नोकरी जाईल. "नाही" म्हणाली तर ती राहील आणि मी आणखी किती दिवस कालच्या पोरीच्या शेपटाला बांधलेली. आज चहाच्या वेळी तिला सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. एवढंच म्हणायचं होतं की शनिवारी खरं बोल. पण मग ते खरं तिचं राहिलं नसतं. नुसती तिला बिस्किट दे-दे करत बसले. ती म्हणाली, "सिस्टर, बास, पोट फुटेल."

२ मे, शनिवार

मेट्रनबाईंच्या खोलीत दोघी उभ्या होतो. मी नवा युनिफॉर्म घातला होता, उगाचच. टाचणीचे ओठ सुकले होते. सकाळपासून ती माझ्याशी नजर मिळवत नव्हती. मला वाटत होतं की ही आता माझ्यासाठी स्वतःचा गळा कापून घेणार.

"बोल," मेट्रनबाई म्हणाल्या. "सिस्टरना एकटीने वॉर्ड देऊ का?"

ती माझ्याकडे वळली. मेट्रनबाईंना नाही, मला सांगितलं. समोर येऊन, पण या वेळी हळू आवाजात, कारण आता हळू बोललेलं मला ऐकू येतं.

"अजून नाही, सिस्टर. मंगळवारी पंप वाजला तेव्हा तुम्हाला कळलं नाही. गर्दीत चुकतं. मला अजून एक आठवडा तुमच्याबरोबर राहू द्या."

आधी मला रागच आला. या हातावर शिकलेली पोर माझ्याच बॉसपुढे मला नापास करते! कान गरम झाले, मशीन शिट्टी मारायला लागलं. तो राग किती वेळ टिकला ते सांगता येणार नाही, कारण त्याच्या पाठोपाठ मला असं काही भरून आलं की मी खिडकीकडे तोंड केलं. इतक्या पोरी माझ्या हाताखालून गेल्या, पण एकीने मला असं तोंडावर "नाही" म्हटलं नव्हतं. भीत होत्या सगळ्या. मी त्यांना भिववूनच शिकवलं होतं.

मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. एक आठवडा." आणि माझ्याकडे बघून डोळे पुसले, चष्मा पुसल्यासारखं करून.

बाहेर व्हरांड्यात टाचणीने मला गाठलं. रडून लाल झाली होती. "रागावलात ना? मला माहीत होतं तुम्ही रागावाल. पण तो पंप..."

"रागावलेच आहे," मी म्हटलं. "रडतेस काय? कायम झालीस आज."

"मी? कशी? परीक्षा तर तुमची होती."

"ते मेट्रनबाई सांगतील. डोळे पूस आणि चल, पेशंट वाट बघतायत. तुझं झालं, मला अजून पास व्हायचंय."